अपग्रेडनंतर कर्नल अडकला: माझा अनुभव
सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमधल्या मशीनवर (संगणकावर) मी स्वतः बांधलेला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालतो. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती ११ वरून १२ वर गेलो, नवा कर्नल बांधला, आणि रीबूटला थेट 'कर्नल पॅनिक', म्हणजे कर्नलच ठप्प! प्रणाली जिच्यावर असते ती रूट डिस्कच त्याला सापडेना. सकाळच्या पाळीचं काम त्यावरच, जीव टांगणीला लागला. ग्रबमधून (सुरुवातीला कर्नल निवडायचा मेनू) डेबियनचा मूळ कर्नल निवडला, तो लगेच सुरू झाला. (तो कधीच काढून टाकू नका.) बघतो तर बूट पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा कर्नल ठेवायचा भाग, गच्च भरलेलं. मॉड्यूल्समधल्या (कर्नलच्या जोड-भागांमधल्या) डीबग माहितीमुळे, म्हणजे चुका शोधायच्या जादा माहितीमुळे, इनिट्रॅमएफएस (रूट डिस्क शोधायला कर्नलला सुरुवातीला लागणारी फाइल) इतकी फुगली की तयारच झाली नव्हती. मूळ सोडून बाकीचे जुने कर्नल काढले, मॉड्यूल्स पुन्हा बसवताना डीबग माहिती गाळणारं 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१' दिलं, इनिट्रॅमएफएस नव्याने केली, मग अपडेट-ग्रब चालवून ग्रबचा मेनू ताजा केला. पाळीचा भोंगा व्हायच्या आत मशीन चालू झालं.