नाशिकची पहाट, देवळं आणि धबधबे: फोटोफेरीला निघण्याआधीची तयारी

फेरीचा दिवस ठरवण्याआधी गाइडला फोन करा आणि पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. कॅमेरा कुठला आणू, लेन्स कुठली आणू, हे सगळं नंतर. सोमेश्वरचा धबधबा गोदावरीवरच आहे आणि शहरात गोदावरीला पाणी किती असणार हे वर गंगापूर धरणातून विसर्ग किती सोडलाय त्यावर ठरतं. धरण भरायचं असलं आणि दरवाजे बंद असले की भर पावसाळ्यातही सोमेश्वरला काळ्या खडकांवरून बारीक धारा उतरताना दिसतात. विसर्ग फार वाढला की खडकच दिसेनासे होतात, उरतो नुसता तांबूस लोंढा. फोटोसाठी या दोन्हींच्या मधला दिवस हवा. विसर्गाचे क्युसेकचे (सेकंदाला किती घनफूट पाणी) आकडे पावसाळ्यात रोज बातम्यांत येतात, ते आदल्या संध्याकाळी बघून ठेवा. नाशिककर मात्र अजूनही पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलंय असं कळलं तर त्या दिवशी गोदाघाटाचा बेत सोडून द्या, कारण काठावरची लहान देवळं तेव्हा पाण्यातच असतात.

दुसरं म्हणजे शहरातल्या आभाळावरून पश्चिमेकडचा अंदाज बांधू नका. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर इगतपुरीला ३००० च्याही वर. कॉलेज रोडवर रस्ता कोरडा असताना त्र्यंबकच्या डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस सुरू असू शकतो. म्हणून तिकडच्याच माणसाला विचारायचं. चांगला गाइड आदल्या रात्री त्र्यंबक रस्त्यावरच्या पहिन्यातल्या किंवा अंजनेरीतल्या ओळखीच्या कुणाला तरी फोन करतोच. तो करत नसेल तर तुम्ही त्याला करायला लावा.

मग दिशा ठरवा. इथे लोभ आवरायला हवा. पंचवटी आणि सोमेश्वर ही एक सकाळ, त्र्यंबक रस्त्यावरची अंजनेरी आणि पहिने ही दुसरी, आणि सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ ही तिसरी. त्र्यंबक पश्चिमेला, सिन्नर पुणे रस्त्याला. एकाच पहाटेत दोन्ही दाखवतो म्हणणाऱ्या गाइडकडे तुम्ही उजेडाची वेळ गाडीत घालवणार हे नक्की. पहिल्यांदाच येत असाल तर पंचवटी-सोमेश्वरच घ्या. अंतर कमी, दोन्हीकडे रस्ता चांगला, आणि पाऊस आलाच तर आडोसा मिळतो.

दिवस निवडताना पंचांगही बघा. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरी डोंगराच्या फेरीसाठी, म्हणजे प्रदक्षिणेसाठी, त्र्यंबकला इतकी माणसं येतात की वाहतूकच वळवलेली असते. तुम्हाला त्या प्रदक्षिणेचेच फोटो काढायचे असतील तर तो दिवस सोन्याचा, देऊळ आणि धबधबा हवा असेल तर टाळा. मला विचाराल तर गणपती उठल्यानंतरचा पंधरवडा सगळ्यात चांगला. डोंगर हिरवे असतात, धबधब्यांना पाणी असतं, पण ते निवळलेलं असतं आणि मधूनच आभाळही उघडतं. मात्र तो पितृपक्ष असतो, गोदाघाटावरच्या रामकुंडावर गर्दी असते आणि ती वेगळ्या कारणाने असते. त्याबद्दल पुढे लिहिलंय. सिंहस्थाच्या कामांमुळे घाटावर आणि त्र्यंबकच्या रस्त्यावर कुठे खणलंय, कुठल्या शिखराला परांची बांधलीय, हेही फोनवरच विचारून घ्या. शिखरासाठी पहाटे उठून परांचीचे बांबू टिपण्यात काही अर्थ नाही.

वेळेचं गणित सोपं आहे. ऑगस्टच्या मध्यात नाशिकला सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास होतो. त्याआधीची पंचवीस-तीस मिनिटं आभाळ गडद निळं असतं आणि देवळातले दिवे त्या निळ्यावर पिवळे उठून दिसतात. ती वेळ हवी असेल तर साडेपाचला घाटावर ट्रायपॉड उभा पाहिजे, म्हणजे पाचच्या आत घराबाहेर. आधी देवळं आणि मग धबधबा हा क्रम याचसाठी. ढगाळ सकाळी धबधब्यावर नऊ-साडेनऊपर्यंत मऊ उजेड टिकतो, देवळाचा दिव्यांचा उजेड मात्र अर्ध्या तासात संपतो. आभाळ उघडं असेल तर उलटी घाई करा, कारण पाण्यावर थेट ऊन आलं की फेस पांढराफटक आणि खडक काळाकुट्ट, मधलं काहीच उरत नाही.

या घाईमुळेच सामानाची सगळी कामं आदल्या रात्री उरकायची. बॅटऱ्या चार्ज करा, एक जास्तीची ठेवा. कार्डं रिकामी करून कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर, फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), ट्रायपॉडची प्लेट कॅमेऱ्याला लावलेली, हे झोपण्याआधी बघून ठेवा. अंधारात घाटाच्या पायऱ्यांवर मेनू शोधत बसलं की ती निळी पंचवीस मिनिटं निघून जातात. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, म्हणजे हात मोकळे राहतात, पण दर्शनाला आलेल्यांच्या डोळ्यांवर ती मारू नका.

लेन्स दोनच पुरे: एक वाइड, एक मध्यम झूम. नारोशंकराच्या देवळासमोर वाइड लावून कॅमेरा वर उचलला की शिखर मागे कलंडल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा मागे सरा, कॅमेरा सपाट धरा, वरचं शिखर पुरतं येऊ दे आणि खालची जास्तीची फरशी नंतर कापा. हे देऊळ १७४७ चं, आणि दर्शनी भागावरची ती मोठी घंटा वसईच्या विजयाची आठवण म्हणून टांगलेली. मध्यम झूमने घंटा आणि तिच्याभोवतीची कोरीव चौकट एवढंच घेतलंत तरी चालेल. काळ्या दगडाचं एक ध्यानात ठेवा: कॅमेरा काळं देऊळ राखाडी करायला बघतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली आणा, मग काळाराम मंदिराचा दगड काळाच येतो आणि ओला असला तर त्यावरची चकाकीही येते. तिथे उभे असताना गाइडला २ मार्च १९३० बद्दल बोलू द्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह याच देवळाच्या दारात सुरू झाला. ते ऐकल्यावर तुम्ही शिखरावरून कॅमेरा खाली आणाल आणि दरवाज्याचा फोटो घ्याल, तो घ्यायलाच हवा.

धबधब्यासाठी पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, सोबत हवाच, माझ्या मते नुसता उजेड कमी करणाऱ्या एनडी फिल्टरपेक्षाही आधी. ओल्या खडकावरची आणि पानांवरची पांढरी चमक तो काढून टाकतो आणि वर दीड-दोन स्टॉप उजेडही खातो. सकाळच्या ढगाळ उजेडात एफ ११ अॅपर्चरला (लेन्सचं तोंड बरंच बारीक) पाव सेकंद ते एक सेकंद सहज मिळतं. पाण्याला धार दिसायला पाव सेकंद बरं, दुधासारखं एकजीव पाणी हवं असेल तर एक सेकंद. मला पाव सेकंदच आवडतं, त्यात पाण्याचा जोर कळतो. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा आणि दोन सेकंदांच्या टायमरवर क्लिक करा. प्रत्येक मांडणीनंतर हिस्टोग्रामची, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाची, उजवी कड बघा. फेस तिथे चिकटला की त्यातला तपशील जातो, रॉमध्येही तो पुरता परत येईलच असं नाही. फोनवरच काढणार असाल तरी चालेल. लाँग एक्स्पोजरची सोय आजकाल बहुतेक फोनमध्ये असते, फक्त फोन दगडाला किंवा छोट्या स्टँडला टेकवा.

तुषारांचं काय करायचं तेही ठरवून ठेवा. सोमेश्वरला पाणी जोरात असलं की लेन्सच्या काचेवर दोन क्लिकमध्ये बारीक ठिपके बसतात. स्क्रीनवर ते दिसत नाहीत, घरी मोठं करून पाहिल्यावर सगळ्या आभाळभर धुरकट गोल दिसतात. म्हणून तीन-चार सुती फडकी वेगवेगळ्या खिशांत ठेवा. ओलं झालेलं फडकं परत कोरड्या खिशात घालू नका. काच वरून खाली टिपायची, गोल गोल घासायची नाही, आणि टिपल्या टिपल्या क्लिक करायचं. छत्री रेनकोटपेक्षा उपयोगी, कारण ती कॅमेऱ्यावर धरता येते. ती धरायला सोबत कोण हे मात्र आधी ठरवा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की दमट हवेत काच आतून-बाहेरून धूसर होते. गाडीचा एसी बंदच ठेवायला सांगा, किंवा बॅग बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा.

आता रामकुंडाबद्दल, आणि हे मी फार मनापासून सांगतोय. तिथे पहाटे येणाऱ्यांत स्नानाला आलेले असतात, कुशीत बाळ घेऊन आलेले असतात, आणि कालच घरातलं माणूस गेलेलेही असतात. अस्थींचं मडकं हातात धरून बसलेला मुलगा, दशक्रियेसाठी डोकं भादरून घेणारे भाऊ, गुरुजींसमोर पिंड मांडणाऱ्या बाया. निळ्या उजेडात ही दृश्यं फार सुंदर दिसतात, हे खरं आहे. पण ती त्यांची आहेत. लांबची लेन्स लावून लपून घेतलेला फोटोही घेऊ नका. पायऱ्या, द्रोणातले दिवे, पाण्यात हलणारी प्रतिबिंबं, समोरच्या काठावरची शिखरं, एवढं भरपूर आहे. माणूस हवाच असेल तर द्रोण आणि फुलं विकणाऱ्या मावशींशी बोला. आधी दिवा विकत घ्या, मग विचारा, "मावशी, तुमचा फोटो काढू का?" हो म्हणाल्या तर त्या पदर सारखा करून सरळ बसतात. तो फोटो तसाच घ्या, आणि मग पुन्हा कामाला लागल्या की विचारून आणखी एक.

गाभाऱ्यात कुठेही कॅमेरा नको, विचारायचीही गरज नाही. त्र्यंबकेश्वराला मोबाइलसुद्धा आत नेता येत नाही, तेव्हा तो गाडीत ठेवूनच रांगेला लागा. गोंदेश्वराचं देऊळ पुरातत्त्व खात्याकडे आहे. हातात कॅमेरा चालतो, ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, आणि ती दारात उभं राहून मिळत नाही. तिथे जायचं तर पावसाळ्यापेक्षा थंडी बरी. यादवकालीन भूमिज शिखरावर लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी आहेत. सकाळचं तिरपं ऊन लागलं की प्रत्येकीची सावली शेजारच्या खोबणीत पडते आणि सगळं शिखर उठून येतं. ढगाळ हवेत तेच सपाट दिसतं.

धबधब्याजवळचे नियम गाइड सांगेल, पण तुम्हालाही ठाऊक हवेत. त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्यासारख्या ठिकाणी जाता-येता ओढे ओलांडावे लागतात. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी डोंगरात पाऊस झाला की परत येताना छातीला लागतं, आणि माणसं अशीच अडकली आहेत, वाहूनही गेली आहेत. भर पावसाळ्यात तिथे जाऊच नका. वनखात्याने बंदी घातली असेल तर "आपण ओळखीने जाऊ" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. कुठेही, निवळ पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला किंवा आवाज बदलला, तर ट्रायपॉड गुंडाळत बसू नका, आहे तसा उचला आणि वर या. पट्टा गळ्यात, बॅग पाठीवर, सामान खडकावर पसरलेलं नाही, ही सवय त्यासाठीच. सेल्फीसाठी शेवाळलेल्या कडेला जाणाऱ्याला गाइडने हटकलं तर तुम्ही गाइडच्या बाजूने बोला.

पायात पट्ट्याच्या सँडल घाला, देवळात पटकन निघतात. चांगली पकड असलेले बूट धबधब्यासाठी गाडीत असू द्या. कपडे साधे, गुडघे-खांदे झाकणारे, लवकर वाळणारे. जास्तीचा एक जोड आणि टॉवेल. पहाटे मिसळ उघडी नसते, म्हणून डब्यात दशम्या किंवा राजगिऱ्याचे लाडू आणि दोन केळी ठेवा. चहा घाटावर मिळतोच.

गाइडशी पैशाचं आधीच स्पष्ट बोला: गाडी धरून की वेगळी, किती जण, पावसाने फेरी रद्द झाली तर काय. पाचापेक्षा जास्त कॅमेरे एका घोळक्यात नकोत, पायऱ्यांवर इतरांची वाट अडते. आणि तो "आज नको" म्हणाला तर हुज्जत न घालता दुसरी तारीख घ्या, तेवढ्यासाठीच तर त्याला बरोबर घेतलंय.

परत आल्यावर बॅग बंद ठेवू नका. कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉडचे पाय सगळं उघडून पंख्याखाली वाळवा आणि रात्री सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा. फोटो दोन जागी उतरवल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. मावशींच्या फोटोची चार बाय सहाची प्रिंट काढा. पुढच्या वेळी तुम्ही जाणार नसाल तर गाइडकडे द्या, तो रोज घाटावर असतो.