बामणोलीला मुक्कामाला जाताय? आधी बोटीचं बघा

आमच्या भिशीतल्या आठ बायका डिसेंबरात तंबूत राहून आल्या, हे कोल्हापुरात, आमच्या राजारामपुरीत कळल्यापासून जो तो मला विचारतोय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

बामणोली म्हणजे कोयना धरणाच्या मागच्या पाण्याच्या, म्हणजे शिवसागरच्या, काठचं गाव. कोल्हापूरहून सातारा साधारण १२० किलोमीटर. तिथून बोगदा, यवतेश्वरचा घाट आणि कास पठार करत आणखी पस्तीसेक. पहाटे पाचला निघालात तर चहा-नाष्टा धरून दहाच्या आत पोचता. पेट्रोल साताऱ्यातच भरा आणि रोख पैसेही तिथेच काढा. पुढे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, मग फोनवरून पैसे कुठले पाठवताय!

आता बोट. इथलं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. दोघंच गेलात तर खिसा रिकामा होतो, आठ-दहा जण असलात की काही वाटत नाही. भिशीचा गट त्यासाठीच बरा. दत्तमंदिर आणि कोयना, सोळशी, कांदाटीचा त्रिवेणी संगम एवढंच बघायचं असेल तर दुपारी आलात तरी चालतं. वासोट्याचा गड चढायचा असेल तर मात्र सकाळीच धक्क्यावर हजर राहा. वनखात्याची परवानगी काढायची, ओळखपत्र दाखवायचं, मग तासा-दीड तासाचा पाण्यातला प्रवास आणि पुढे दाट जंगलातली चढण. अंधाराच्या आत परतावं लागतं. गडावर मुक्काम करता येत नाही, ते अभयारण्य आहे. पावसाळ्यात तर गड बंदच असतो.

आम्ही पहिल्यांदा गेलो होतो तो रविवार होता. रांगेतच अकरा वाजले आणि वासोटा राहिला. ताई तेलिणीनं पेशव्यांच्या सेनापती बापू गोखल्यांशी झुंज दिली तो गड, आणि आम्ही तो काठावरून बघून परत! यंदा मंगळवारी गेलो.

लाइफ जॅकेट अंगात घालून बकल लावा. आमच्या एकीनं साडी चुरगळते म्हणून ते मांडीवर ठेवलं होतं. नाववाला म्हणाला, "मावशी, घाला, न्हाईतर बोट हालायची न्हाई." बरं केलं त्यानं.

तंबूसाठी काठावर सोयी आहेत. ठरवताना जेवणाच्या आधी संडास कुठे आहे ते विचारा, आणि रात्री तिथे दिवा असतो का तेही. पुरुषमंडळींना हा प्रश्न सुचत नाही. दुसरं, तंबू अगदी पाण्याला खेटून नको. फोटो छान येतो, पण रात्री गारठा आणि दव दोन्ही तिथेच जास्त. पहिल्या खेपेला तंबूचं वरचं कापड न ओढताच झोपलो आणि सकाळी चादरी पिळायची वेळ आली. जमीन सपाट आहे ना, ते आडवं पडून बघा. उतारावर रात्रभर एकमेकींच्या अंगावर घसरत होतो.

महिना कोणता? ऑक्टोबर संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पलीकडे पोफळीला वीज करायला जातं. त्यामुळे उन्हाळ्यात तळं खाली खाली सरकतं. मे महिन्यात गेलात तर काठ उघडा पडलेला असतो आणि बोटीपर्यंत मातीचा उतार तुडवत जावं लागतं.

खाण्याचं म्हणाल तर गावात सांगून ठेवलं की गरम जेवण मिळतं. पण ते आपल्या तोंडाला सपक लागतं, म्हणून कांदा-लसूण चटणीची बरणी मी सोडत नाही. शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि लिंबंही घेतली होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तंबूतली पुण्याची पोरं वाटी घेऊन आली, "काकू, थोडी चटणी?" दिली. पाणी पीत पीत खाल्ली बिचाऱ्यांनी.

स्पीकर तेवढा घरी ठेवा. पाण्यावरून आवाज लांब जातो, पलीकडच्या गावाला झोप येत नाही. आम्ही भेंड्याच लावल्या, त्याही दहापर्यंत. मग नाववाल्याची बायको शाल गुंडाळून येऊन बसली आणि भेंड्या परत सुरू झाल्या.