हिवाळी टायर लावताना या चुका टाळा (आणि आधी बोल्ट बघा)

जर्मनीत नोकरीला आलेला आपला माणूस पहिल्याच वर्षी जुनी पोलो किंवा कोर्सा घेतो. गाडी घेताना इंजिन ऐकतो, सर्व्हिस बुक उलटंपालटं करून पाहतो, भाव पाडतो. टायरचं मात्र "बघू नंतर". ऑक्टोबर संपत आला की धावाधाव सुरू होते. तोवर टायरवाल्यांच्या तारखा भरलेल्या असतात, मग जमेल ते, मिळेल ते. इथले लोक 'ओ बिस ओ' म्हणतात, म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर. कायद्यात तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला ओलावा असला तर टायर हिवाळीच हवा, एवढंच कायदा सांगतो. नाहीतर ६० युरो दंड आणि लायसन्सवर दंडाचा एक पॉइंट. म्हणून पहिल्या बर्फाची वाट बघू नका.

हिवाळी टायरच्या खुणेबद्दल एकदाच सांगतो. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हवा. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल-बर्फाची जुनी खूण) १ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. ऑल सीझन टायरवर डोंगर असेल तर तो कायद्याने चालतो. शहरात फिरणाऱ्याला पुरतो, आल्प्समध्ये स्कीइंगला जाणाऱ्याला मी देणार नाही.

आता ज्या चुकीवर मी दरवर्षी डोकं आपटतो ती. नवी रिम, जुने बोल्ट.

पिंपरीचा एक मुलगा, हुशार, स्वतः ऑटोमोबाइलवाला. पोलोसाठी कुणाकडून तरी अलॉय रिमवर चढवलेले हिवाळी टायर स्वस्तात उचलले. पाच भोकं, अंतरही बरोबर, चाक हबवर, म्हणजे ज्यावर चाक बोल्टने बसतं त्या गाडीच्या भागावर, छान बसलं. गाडीचेच बोल्ट लावले, पायाने पाना दाबला, झालं. शनिवारी म्युनिकला निघाला. ए-८ महामार्गावर आइशेलबर्गचा घाट चढून गेल्यावर स्टीअरिंग थरथरायला लागलं. मला फोन: "काका, बॅलन्सिंग कुठे करून मिळेल?" मी म्हटलं, "अरे, आधी गाडी थांबव. पुढे एक मीटरही नेऊ नकोस." ग्रुइबिंगेनच्या थांब्यावर त्याने डावीकडच्या पुढच्या चाकाला हात लावला, तर दोन बोल्ट बोटांनी फिरत होते.

झालं होतं असं. कंपनीच्या पोलोच्या बोल्टची बैठक, म्हणजे रिमला टेकणारा भाग, गोल असते, बॉलसारखी. बाजारातल्या बऱ्याच अलॉय रिमच्या भोकाची बैठक उतरती, कोनासारखी. गोल बोल्ट कोनात घातला तर तो पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक वर्तुळाच्या रेषेवर टेकतो. पान्याला घट्ट लागतं, माणसाला समाधान होतं. मग चार खड्डे आणि दोन ब्रेकिंगनंतर अॅल्युमिनियम दबतं आणि पकड सुटते. त्या रिमच्या भोकाभोवती चकचकीत कडी उमटली होती, एक भोक तर लांबट झालं होतं. गाडी टो करून आली, रिम भंगारात. बोल्टचा संच घेतला असता तर त्या टोच्या बिलापेक्षा नक्कीच स्वस्त पडला असता.

म्हणून रिम घेताना तिचा कागद मागा. बोल्टचा प्रकार, लांबी आणि टॉर्क (किती जोराने पिळायचा तो आकडा) त्यात लिहिलेलं असतं. कागद नसेल तर मी रिम घेतच नाही, कितीही स्वस्त असो. लांबीही बघा: १४ मिलिमीटर जाडीचा बोल्ट, आट्यांतलं अंतर दीड मिलिमीटर, तो घट्ट होईपर्यंत किमान साडेसात फेरे आत जायला हवा. फार लांब असेल तर मागच्या ड्रममध्ये घासू शकतो. गाडी जॅकवर असतानाच चाक हाताने फिरवून ऐका.

पायाने पाना दाबणाऱ्यांना: पोलोला १२० न्यूटन मीटर पुरतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. ठरलेल्या जोराला थांबायची खूण देणारा टॉर्क पाना घ्या. बोल्ट समोरासमोर आळीपाळीने घट्ट करा, कोरडेच. आट्याला तेल लावलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर चाक तिरकं बसतं. साधारण ५० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा. यूट्यूबवर दहा मिनिटांत चारही चाकं बदलणारा हे शेवटचं कधीच दाखवत नाही.

दुसरी चूक: दोनच नवे टायर, तेही पुढे. "फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे ना, ओढणारी चाकं चांगली हवीत." तर्क ऐकायला गोड आहे. गाडी निघेल झकास, पण ओल्या वळणावर मागची चाकं आधी घसरतील. पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाऊ बघते, तुम्ही पाय काढता, ती सावरते. मागचं घसरलं की गाडी फिरते, आणि नवशिक्या नेमका तेव्हाच घाबरून वळवतो किंवा ब्रेक मारतो. चांगले टायर मागे. आणि पुढे हिवाळी, मागे उन्हाळी असली जोडी लावणाऱ्याशी मी वादच घालत नाही.

टायरच्या खाचांची खोली बघायला दोन युरोचं नाणं पुरतं. त्याची चंदेरी कड ४ मिलिमीटर रुंद आहे. ती खाचेत बुडायला हवी. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी तोवर टायर बर्फात गोटाच समजा. ऑस्ट्रियात हिवाळ्यात ४ मिलिमीटरखाली गेलेला टायर हिवाळी धरतच नाहीत. खाचा भरपूर पण रबर म्हातारं, हेही असतं: टायरच्या बाजूला 'DOT' पुढे छापलेल्या आकड्याचे शेवटचे चार अंक बघा, '३५१४' म्हणजे २०१४ सालचा ३५ वा आठवडा. असा टायर फुकट मिळाला तरी नको.

हवा थंड टायरमध्येच मोजा. तापमान १० अंश उतरलं की साधारण ०.१ बार कमी होतो, म्हणून नोव्हेंबरात भरलेली हवा जानेवारीत पुन्हा बघा. बर्फात पकड यावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला देणारा भेटला तर हसून सोडून द्या.

टायरवर बाण असेल तर तो पुढे फिरणाऱ्या दिशेने. चाकात प्रेशर सेन्सर नसलेल्या गाडीत प्रेशरची सूचना एबीएसवरून येते, तिथे चाकं बदलल्यावर रीसेट करावं लागतं.

उतरवलेल्या चाकांवर खडूने 'पुढचं डावं', 'मागचं उजवं' लिहा. रिमसकट असतील तर एकावर एक ठेवली तरी चालतात, नुसते टायर उभे ठेवा. बाल्कनीत उन्हात नको, तळघरात ठेवा.

बर्फात चाकांवर चढवायच्या साखळ्या घेतल्या असतील तर त्या एकदा घराजवळ, कोरड्यात, दिवसाउजेडी चढवून बघा. पोलोला पुढच्या चाकांवर, आणि वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत.