पॉलीहाऊसमधील थंडी : पुण्याच्या हिवाळ्यात या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात दुपारी पारा 29-30 अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे 10-11 अंशांवर येतो. एखाद्या कडाक्याच्या लाटेत तो आणखी खाली जातो. त्यामुळे येथे प्रश्न उष्णता निर्माण करण्याचा नसून, दुपारी फुकट मिळालेली ऊब पहाटेपर्यंत पुरवण्याचा आहे.

सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे बाजूचे पडदे अंधार पडल्यावर सोडणे. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, परंतु बेडवरचे (वाफ्यावरचे) ऊन ओसरू लागताच, म्हणजे पाचच्या आतच, पडदे बंद झाले पाहिजेत. दुसरी चूक, छताच्या 200 मायक्रॉन जाडीच्या पॉलिथिन कागदावर भिस्त ठेवणे. साधे पॉलिथिन जमिनीतून निघणारी उष्णता फारशी अडवत नाही, म्हणून निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री आतील तापमान बाहेरच्याइतकेच, क्वचित त्याहूनही कमी भरते. वरची खिडकी कायम उघडी असेल, तर गटरच्या, म्हणजे छताचे पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीच्या, उंचीवर आडवा ओढता येणारा थर्मल स्क्रीन (ऊब अडवणारा पडदा) हाच खरा उपाय होय.

मावळातील आमच्या दहा गुंठ्यांत जरबेराच्या उताराकडील दोन बेडांवर कळ्या आखडत होत्या, आणि मधोमध डोक्याच्या उंचीवर टांगलेला तापमापक मात्र 13 अंश दाखवत होता. तोच तापमापक त्या बेडवर पानांच्या पातळीला ठेवला, तेव्हा पहाटे 10 अंश भरले. रात्री पडद्याच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवली. एका खांबापाशी धूर एकदम आत वळला. तेथे खालचा एप्रन, म्हणजे पडद्याखालची जमिनीलगतची कागदाची पट्टी, वीतभर फाटला होता आणि गार हवा उतारावरून थेट आत येत होती. दुरुस्तीला पट्टीचा एक तुकडा पुरला.

दिवसा तापून रात्री ऊब सोडणारे पाण्याचे काळे पिंप ठेवण्याचा सल्ला सगळेच देतात, पण हिशेब कोणी करत नाही. 200 लिटरचा पिंप पाच अंशांनी निवला, तर विजेच्या जेमतेम 1.2 युनिटांएवढी उष्णता मिळते. गच्चीवरच्या छोट्या काचघरात तिचा थोडाफार उपयोग होईल; दहा गुंठ्यांत चार पिंप म्हणजे केवळ शोभा.

कोळशाची शेगडी मात्र कदापि पेटवू नये. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या जिवावर बेततो, आणि धुरातील इथिलीनमुळे फुले अकाली माना टाकतात.

उबेच्या लोभाने सकाळी दहापर्यंत पडदे न उघडणे हीदेखील चूकच, कारण कागदाखाली जमलेले थेंब पाकळ्यांवर टपकतात आणि बोट्रायटिस या बुरशीचे डाग पडू लागतात. संध्याकाळी धुक्यासारखे पाणी फवारणारे फॉगर बंद ठेवावेत, ठिबक सकाळीच चालवावे, आणि कागदावर ऊन येताच वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूचा पडदा आधी हातभर उघडून, थेंब सुकल्यावर मगच पूर्ण गुंडाळावा.