फुलं येतात, फळ धरत नाही: मुंबईतल्या घरबागेत या चुका टाळा

पानं पिवळी पडली, मिरचीची फुलं गळाली, टोमॅटो नुसताच उंच वाढला. तक्रार कोणतीही असो, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "खत कोणतं घालू?" मुंबईच्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा उत्तर खतात नसतंच. खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि बी कुठल्या महिन्यात पेरलं, हे आधी विचारावं लागतं.

ऊन न मोजता बी आणणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो, बाकी वर्षभर दक्षिणेला. डिसेंबरात तो दक्षिणेकडे चांगलाच खाली उतरतो. तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार हॉलपर्यंत येतं आणि उत्तरेच्या खिडकीला थेट ऊन अजिबात मिळत नाही. मे महिन्यात मात्र तीच दक्षिणेची बाल्कनी वरच्या मजल्याच्या स्लॅबच्या सावलीत जाते. त्यामुळे मे महिन्यातलं ऊन बघून कुंड्यांची जागा ठरवली की हिवाळ्यात, म्हणजे भाजीच्या खऱ्या हंगामात, फसगत होते. समोर नवा टॉवर उभा राहिला तर तो हिशेबही वेगळा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर दोन तासांनी कुंडीच्या जागेवर नजर टाका. उजेड नव्हे, अंगावर पडणारं ऊन मोजा. सहा तास मिळत असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी खुशाल लावा. तीन-चार तासांत मेथी, पालक, माठ, कोथिंबीर येतात. त्याहून कमी असेल तर पुदिना, पानओवा आणि अळूवर समाधान माना. दोन तासांच्या उन्हात टोमॅटो उंच होतो, काडीसारखा बारीक राहतो आणि कितीही खत घातलं तरी फळाचं नाव घेत नाही.

महिना चुकणं

एप्रिलमध्ये कोथिंबीर पेरायची आणि जूनमध्ये टोमॅटो लावायचा, या दोन हौशी मुंबईत हमखास दिसतात. कडक उन्हाळ्यात धणे नीट उगवत नाहीत, उगवले तर लवकर फुलावर येतात. आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शहरात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्यात टोमॅटोच्या पानांवर करपा आलाच म्हणून समजा. टोमॅटोचं बी सप्टेंबरअखेरीस आडोशाला पेरा आणि पाऊस गेल्यावर रोपं मोठ्या कुंडीत हलवा. ऑक्टोबर हीटमध्ये त्या कोवळ्या रोपांना दुपारची सावली लागते, तेवढी सोय करा. पावसाळा वेलांचा: पडवळ, शिराळं, काकडी. अळूलाही हेच दिवस मानवतात. माठ आणि भेंडी उन्हाळ्यातही साथ देतात.

धणे अख्खे पेरू नका. एका धण्यात दोन बिया असतात. शेतकरी ते चपलेखाली हलकेच रगडून दोन फाका करतात, घरात लाटणं चालेल. रात्रभर भिजवून पेरा आणि पुढे आठ ते बारा दिवस माती उकरून बघू नका. खूप जुने धणे मात्र कितीही भिजवले तरी उठत नाहीत.

मेथी याच्या अगदी उलट, तीन-चार दिवसांत वर येते. तिच्यात लोक चुकतात ते वाट बघण्यात. पसरट, सहा इंच खोल ट्रेमध्ये मेथी मोठी जुडी होईपर्यंत ठेवली की पिवळी पडून लोळते. मुंबईच्या बाजारात पांढऱ्या मुळांच्या चिमुकल्या जुड्यांनी मिळणारी समुद्रमेथी आठवा. किनाऱ्याच्या रेताड जमिनीत दाट पेरतात आणि कोवळी असतानाच मुळासकट उपटतात. ट्रेमध्ये तसंच करायचं: मातीत वाळू जास्त, पेरणी दाट, दोन आठवड्यांच्या आत काढणी, लगेच दुसरी पेरणी.

नुसती लाल माती

नर्सरीतून आलेली लाल माती तशीच कुंडीत भरली की महिन्याभरात विटेसारखी घट्ट होते. वरून घातलेलं पाणी कडेकडेने निसटून खालच्या भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं कुंडी भिजली, आत मुळांजवळ मात्र कोरडं. एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एवढं साधं मिश्रण बहुतेक भाज्यांना पुरतं. कोकोपीटच्या विटेत क्षार असू शकतात, म्हणून ती भिजवल्यावर एक-दोनदा पिळून पाणी फेकून द्या.

वजनाचाही विचार हवा. एक घनफूट ओली माती साधारण 45 ते 50 किलो भरते. ग्रिलमध्ये ओळीने कुंड्या मांडणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करावाच. गच्चीवर बाग करायची तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, नाहीतर खालच्या घरात गळती झाली की पहिला आरोप तुमच्या वांग्यांवर. हलकं भरण हवं असेल तर रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणा. गच्चीवरच्या शेतीत चिपाडं वापरण्याचा मुंबईतला धडा डॉ. आर. टी. दोशींनी घालून दिला. ताजी चिपाडं मात्र तशीच घालू नका. गोडाला मुंग्या लागतात. धुऊन, थोडी कुजवून, तळाशी भरा. ती खचत जातात, तेव्हा वरून खत घालत राहा.

स्वयंपाकघरातला ओला कचरा थेट कुंडीत पुरणं हाही असाच उत्साह. चिलटं येतात, मग उंदीर, मग शेजारी. आधी वेगळ्या डब्यात त्याचं खत करा. चहाचा चोथा धुऊन घाला, साखर-दूध त्यात राहू देऊ नका.

पाणी रोज सकाळी सवयीने घालायचं नसतं. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओलं लागलं तर आजचा दिवस सोडा. जास्त पाण्यानेही पानं पिवळीच पडतात आणि लोक त्यावर आणखी पाणी घालतात! पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी क्षारांनी भरलेलं असतं, ते भाजीला नको.

फळ का धरत नाही

दहाव्या मजल्यावर शिराळ्याचा वेल मस्त पसरतो, पिवळी फुलं येतात आणि बोटाएवढी कोवळी शिराळी सुकून गळतात. हा रोग नाही, मधमाशी नाही म्हणून. फुलाच्या मागे इवलं फळ असेल ती मादी, नुसता देठ असेल तो नर. नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि पिवळे पराग मादी फुलाच्या मधल्या चिकट भागावर अलगद टेकवा. वेळ महत्त्वाची. शिराळं, दुधी आणि पडवळाची फुलं संध्याकाळी उमलतात. काकडी, कारलं आणि लाल भोपळ्याची सकाळी. सकाळच्या चहाबरोबर दुधीच्या फुलाशी खटपट करून उपयोग होत नाही. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, तेव्हा घाबरू नका.

मिरची-टोमॅटोच्या एकाच फुलात दोन्ही भाग असतात. तिथे फांदी हलक्या हाताने हलवली तरी भागतं. तरीही फुलं गळत असतील तर कडक ऊन, कोरडी पडलेली माती किंवा शेणखताचा अतिरेक यांपैकी काहीतरी असतं.

कीड उशिरा दिसणं

कढीपत्त्याच्या आणि जास्वंदीच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो तो पिठ्या ढेकूण. त्याआधी खोडावरून मुंग्यांची रांग जाताना दिसते, ती धोक्याची घंटा. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. मिरचीचा चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वळण्याचा रोग, मात्र दोन फवारण्यांनंतरही नव्या पानांवर कायम राहिला तर रोप उपटा. माया करू नका, शेजारची मिरचीही जाईल.

फळझाडं आणि बियांचा मोह

हापूसची कोय कुंडीत लावणं हा दर जूनचा उद्योग. कोयीतून हापूस जसाच्या तसा येत नाही, आणि जे येईल त्याला फळं धरायला वर्षानुवर्षं जातात. लिंबाचंही बी नको, नर्सरीतून कलम आणा आणि निदान दीड फूट रुंद-खोल पिंप द्या. डोळा भरलेलं, म्हणजे दुसऱ्या रोपाच्या खोडावर लिंबाचा डोळा बसवून केलेलं कलम असेल तर जोडाच्या खालून फुटणाऱ्या काटेरी फांद्या लगेच छाटा. त्या जोमाने वाढतात म्हणून लोक खूश होतात, पण ते खुंटाचं, म्हणजे खालच्या रोपाचं, झाड असतं, तुम्ही आणलेल्या लिंबाचं नव्हे.

एक शेवटचं, पावसाळ्यापुरतं. कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. जोराच्या पावसाच्या दिवसांत ताटल्या काढूनच ठेवल्या तर उत्तम. कठड्यावर सुट्या ठेवलेल्या कुंड्याही वादळी वाऱ्याआधी खाली उतरवा, खाली माणसं चालतात.