आरओटीसी शिष्यवृत्ती: अर्जाच्या आधी नागरिकत्वाचं बघा

इथे अमेरिकेत मुलं हायस्कूलला गेली आणि कॉलेजच्या फीचे आकडे कळले की महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी हमखास सांगतं, ‘आरओटीसी घ्या, फुकटात शिक्षण होतं.’ आरओटीसी म्हणजे कॉलेज शिकता शिकता अमेरिकन सैन्यात अधिकारी होण्याचं प्रशिक्षण. फुकट काही नसतं. आर्मीच्या चार वर्षांच्या शिष्यवृत्तीत ट्यूशन आणि फी, वर्षाला १,२०० डॉलर पुस्तकांसाठी आणि कॉलेज चालू असताना महिन्याला ४२० डॉलर मिळतात. त्या बदल्यात पदवीनंतर सेकंड लेफ्टनंट, म्हणजे सगळ्यात खालच्या हुद्द्याचा अधिकारी, व्हायचं आणि एकूण आठ वर्षांची बांधिलकी पाळायची, त्यातली साधारण चार पूर्णवेळ. मुलाला हे मनापासून हवं असेल तरच पुढे वाचा.

सगळ्यात आधी नागरिकत्व. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, तिन्हींच्या शिष्यवृत्तीला अमेरिकन नागरिक असावंच लागतं. ग्रीन कार्डवर साधा सैनिक म्हणून भरती होता येतं, अधिकारी होता येत नाही. एच-४ वरच्या (आई-बापांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलांचा तर प्रश्नच येत नाही. त्यांनी भलत्या आशेवर वर्ष घालवू नये.

ग्रीन कार्ड असलेल्या घरांत जी चूक वारंवार होते ती अशी. मुलगा १८ वर्षांच्या आत असेल, त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल आणि तो आई-बापांपैकी नागरिक झालेल्याच्या ताब्यात, त्याच्याजवळ इथेच राहत असेल, तर त्या एकाने नागरिकत्वाची शपथ घेतली की मुलगा आपोआप नागरिक होतो. एकाने घेतली तरी पुरते. पण ‘गावाकडे अजून शेतजमीन घ्यायची आहे, ओसीआयवर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो त्या कार्डावर) ती घेता येत नाही’ म्हणून दोघंही भारतीय पासपोर्ट धरून बसतात. मुलाचा अठरावा वाढदिवस उलटतो आणि मग त्याला स्वतःचा अर्ज भरून रांगेत उभं राहावं लागतं. तोवर निवड होऊन गेलेली असते. शेतीची एवढी ओढ असेल तर एकाने पासपोर्ट ठेवा, दुसऱ्याने ग्रीन कार्डाची पाच वर्षं भरायच्या ९० दिवस आधी एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरा. मुलगा दहावीत असतानाच हा हिशेब मांडा. शपथ झाली की लगेच मुलाचा अमेरिकन पासपोर्ट काढा. आपोआप मिळालेलं नागरिकत्व कागदाशिवाय कुणाला दिसत नाही.

ओसीआयचं कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला भारत सरकार ओसीआय देत नाही. आजी-आजोबांना भेटायला जाताना पोराला व्हिसा काढावा लागेल, हे घरात आधी बोलून घ्या.

दुसरा खड्डा वैद्यकीय तपासणीचा. डॉडमर्ब नावाचं सैन्याचं वैद्यकीय मंडळ आजारपणाचा सगळा इतिहास तपासतं. तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचं निदान किंवा उपचार झाले असतील तर मुलगा अपात्र ठरतो. मग सवलत मागावी लागते आणि ती मिळेलच असं नाही. आपल्याकडे सर्दी-खोकल्याला सहज पंप लिहून देतात, इथेही डॉक्टर घाईत ‘अस्थमा’ टाकून मोकळे होतात. रेकॉर्डवर काय लिहिलंय ते अकरावीतच मागवून वाचा. चुकीचं असेल तर फुप्फुसतज्ज्ञाकडून चाचणी करून लेखी घ्या. लपवू मात्र नका. खोटं उघडकीस आलं तर शिष्यवृत्ती जातेच, वर नाव खराब होतं.

नावाचंही बघा. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव मधे, शाळेत ते गायब, एसएटी या प्रवेशपरीक्षेवर तिसरंच काही. सगळीकडे एकच करून घ्या. नगरपालिकेचा मराठी दाखला असेल तर प्रमाणित भाषांतर तयार ठेवा.

अर्ज अकरावी संपल्याच्या उन्हाळ्यात भरायला घ्या. आर्मीची निवड समिती अनेकदा बसते. पहिल्या बैठकीला फाइल पूर्ण असेल तर तिथे न निवडलेला मुलगा पुढच्या बैठकीतही विचारात घेतला जातो. गुण उत्तम असणं गृहीतच धरतात, आपली मंडळी नेमकी तिथेच थांबतात. समितीला अभ्यासाइतकाच खेळ आणि पुढारपण हवं असतं. ‘ढोल-ताशा पथकात होतो’ असं लिहून काही होत नाही. ‘३० जणांच्या पथकाचा सराव दर शनिवारी घेतला, वाद्यांची वाहतूक आणि परवानग्या सांभाळल्या’ असं लिहा, अर्थात खरं असेल तर. शाळेच्या संघातला खेळ हवा. रविवारचं टेनिस-बॉल क्रिकेट त्याची जागा घेत नाही.

आर्मीच्या शारीरिक चाचणीत एका मिनिटात पुश-अप, एका मिनिटात कर्ल-अप (पाठीवर झोपून धड उचलणं) आणि एक मैल धावणं असतं. एअर फोर्समध्ये धावणं याहून लांब असतं. पुश-अपमध्ये कोपर काटकोनापर्यंत वाकलं नाही तर मोजत नाहीत, आणि घरी चाळीस मारणाऱ्यांचे तिथे पंचवीसच धरले जातात. कंबर खाली पडते, मान पुढे जाते. कोचसमोर सराव करा.

मुलाखत जवळच्या कॉलेजातला अधिकारी घेतो. ई-मेल आणि फोन मुलानेच करायचे. आईने लिहिलेला ई-मेल ओळखू येतो, आणि बाबा सोबत आत गेले तर संपलंच. ‘आरओटीसी का हवी?’ याला ‘फी परवडत नाही’ हे उत्तर खरं असलं तरी एकमेव उत्तर नसावं.

कॉलेजांची यादी विचारपूर्वक द्या, कारण शिष्यवृत्ती त्या यादीतल्या कॉलेजांशी बांधलेली असते आणि प्रवेश वेगळा मिळवावा लागतो. सगळी नावं आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल वगैरे) टाकली आणि प्रवेश एकीकडेही नाही मिळाला, तर हातातली शिष्यवृत्ती वापरताच येत नाही. यादीत आपल्या राज्याचं सरकारी विद्यापीठ असलंच पाहिजे. नेव्हीला इंजिनिअरिंग आणि विज्ञानाची मुलं जास्त हवी असतात, आणि शिष्यवृत्तीवाल्यांना कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र घ्यावंच लागतं.

आर्मीच्या चार वर्षांच्या शिष्यवृत्तीत पहिलं वर्ष संपेपर्यंत सोडता येतं. दुसरं वर्ष सुरू झालं की पैसे परत करा किंवा सैनिक म्हणून सेवा द्या.

बारावीत नाही जमलं तरी शिष्यवृत्तीशिवाय कॉलेजच्या बटालियनमध्ये, म्हणजे तिथल्या आरओटीसीच्या तुकडीत, जाता येतं. तिथे तीन आणि दोन वर्षांच्या शिष्यवृत्त्या असतात. त्यांच्यासाठी बटालियनमधले अधिकारी मुलाला पहाटे व्यायामाला येताना बघतात, आणि त्याला महत्त्व देतात.