शिंपल्यातील वाटाण्याएवढा खेकडा: नव्या जातीचे वर्णन कसे लिहावे

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या बाजारातून आणलेल्या तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) निवडताना कधीकधी एखाद्या शिंपल्यात वाटाण्याएवढा, मऊ पाठीचा, फिकट रंगाचा खेकडा सापडतो आणि निवडणारा हात तो बाजूला टाकून देतो. हा पिनोथेरिडी कुळातील खेकडा असून शिंपल्याच्या कल्ल्यांवर गोळा होणाऱ्या अन्नावर तो जगतो. प्राणिशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला असा खेकडा आजवर नोंद न झालेला वाटला, तर त्याने पुढे काय करावे, हे येथे सांगितले आहे. (जुन्या शास्त्रीय मराठीप्रमाणे येथे ‘प्रजाती’ म्हणजे वरचा गट आणि ‘जाती’ म्हणजे त्यातील घटक, वर्तमानपत्रे जातीलाच प्रजाती म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो.)

बाजारातील नमुना सुगावा म्हणून चांगला, परंतु पुरावा म्हणून निकामी असतो, कारण एकाच टोपलीत दोन-तीन खाड्यांचा माल मिसळलेला असू शकतो आणि नमुन्याचे मूळ स्थान सांगता आले नाही तर वर्णनाचा पायाच डळमळतो. म्हणून कारवारजवळ काळी नदीच्या मुखाशी किंवा माजाळीच्या किनाऱ्यावर, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, शिंपले काढणाऱ्या स्थानिकांसोबत स्वतः जावे. प्रत्येक शिंपला वेगळा उघडावा, त्यातील खेकड्याला व रिकाम्या शिंपल्याला एकच क्रमांक द्यावा आणि शिंपल्याची जातीही तज्ज्ञाकडून निश्चित करून घ्यावी. यजमान, म्हणजे खेकड्याला आसरा देणारा शिंपला, कोण हे ठाऊक नसेल तर या कुळातील खेकड्याचे वर्णन अर्धेच राहते.

चिठ्ठी जाड कागदावर पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी. तिच्यावर स्थळ, अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याची खोली, यजमान आणि गोळा करणाऱ्याचे नाव असावे. एकच गाव मराठीत एका आणि कन्नडमध्ये दुसऱ्या रूपात लिहिले जाते, हे सीमाभागातील माणसाला वेगळे सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या शहराचेही अधिकृत रूप बेळगावी झाले आहे. शंभर वर्षांनी ती बाटली उघडणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असेलच असे नाही, म्हणून गावाच्या नावापेक्षा अक्षांश-रेखांशांवर अधिक भिस्त ठेवावी.

जिवंत खेकडा थेट तीव्र अल्कोहोलमध्ये टाकला तर तो पाय गाळतो. आधी त्याला थंडीने निश्चल करावे. अल्कोहोलमध्ये रंग उडतात, म्हणून छायाचित्रे त्यापूर्वीच काढावीत. डीएनएसाठी एक पाय ९५ टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या आणि उरलेला नमुना ७० ते ७५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. फॉर्मॅलिन डीएनएची नासाडी करते, ते टाळावे.

खरी कसोटी यानंतर लागते. या कुळात मादी मोठी, मऊ व शिंपल्यातच राहणारी, तर नर लहान, टणक आणि बाहेर हिंडू शकणारा असतो. तरुण मादी तर पुष्कळदा नरासारखीच दिसते. परिणामी एकाच जातीच्या नर-मादींना दोन नावे दिली गेल्याची उदाहरणे या कुळाच्या इतिहासात आहेत. एकाच नमुन्यावरून जातीचे वर्णन करण्यास नियमांची आडकाठी नाही, तरीही त्याच ठिकाणच्या, त्याच यजमानातील प्रौढ नर व माद्या हाती येईपर्यंत थांबावे, असे माझे मत आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली सर्वाधिक वेळ दोन अवयवांना द्यावा. पहिला म्हणजे तोंडावरील तिसरी मॅक्सिलीपेड (तोंड झाकणारी, पायासारखी जोडी): तिचे टोकाचे खंड एकमेकांना कोठे व कसे जोडलेले आहेत, यावर प्रजाती ठरविताना मोठा भर असतो. दुसरा म्हणजे नराच्या पोटपट्टीखालील पहिला गोनोपॉड, म्हणजे समागमाचा अवयव, ज्याची वळणे व टोक जातीगणिक वेगळे असते. हे अवयव एकाच बाजूचे काढावेत आणि लहान कुपीत घालून मूळ बाटलीतच ठेवावेत. कवचाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी. ‘पाय बरेच लांब’ असे लिहू नये. कोणता खंड कोणत्या खंडाच्या किती पट, ते लिहावे.

‘नवीन’ हा शब्द तुलनेशिवाय वापरताच येत नाही. आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९५ ते १९०० या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय खेकड्यांवरील लेखमालेपासून सुरुवात करून जवळच्या प्रत्येक जातीचे मूळ वर्णन वाचावे आणि शक्य तेथे मूळ नमुनेही पाहावेत, कारण जुन्या चित्रांत बारकावे हरवलेले असतात. जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाच्या सुमारे ६५० अक्षरांच्या तुकड्यातील फरक आधार देतो. तो एकटा निकाल देत नाही.

लेखात निदान आणि वर्णन यांची गल्लत करू नये. वर्णनात सर्व अवयव क्रमाने येतात. निदानात मात्र केवळ ती लक्षणे यावीत, ज्यांनी ही जाती तिच्या शेजारणींपासून वेगळी पडते. निदान आठ-दहा ओळींपलीकडे गेले, तर लेखकालाच फरक उमगलेला नाही असे समजावे.

नाव रोमन लिपीत आणि दोन पदांचे असते. स्थळावरून दिल्यास शेवटी बहुधा ‘एन्सिस’, पुरुषाच्या नावावरून ‘आय’ आणि स्त्रीच्या नावावरून ‘ए-ई’ ही अक्षरे जोडतात. स्वतःचे नाव देण्यास मनाई नसली तरी ते शोभत नाही. १ जानेवारी २००० पासून लागू असलेल्या प्राणिनामसंहितेच्या (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे आंतरराष्ट्रीय नियम) चौथ्या आवृत्तीनुसार जाती नवी असल्याचे स्पष्ट लिहावे लागते, नावाचा आधार ठरणारा नमुना (शक्यतो एकच, म्हणजे होलोटाइप) ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात राहील तेही सांगावे लागते. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या नियतकालिकासाठी झूबँकवरील (प्राणिनामांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी आवश्यक असून तिचा पुरावा लेखातच छापावा लागतो. लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी नाव पत्रकारांना सांगू नये, आग्रह कितीही झाला तरी.

जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती व नमुना नियुक्त संग्रहालयाकडे द्यावा लागतो. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे मुख्यालय कोलकात्यात असले, तरी त्याचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे आणि बेळगावहून तेच सोयीचे पडते. होलोटाइपचा नोंदणी क्रमांक तेथून मिळाल्यावरच लेख संपादकाकडे पाठवावा. तोपर्यंत हस्तलिखितातील ती जागा कोरी राहू द्यावी.